टेबलाला विचारायचं की क्वेरीच्या उत्तराला?

(कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. स्क्रिप्टमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीत लिहावीत.)

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सभासद-नोंदणी फॉर्म पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतो. टेबलात एखादा कॉलम वाढवला की फॉर्मही हातानं बदलावा लागतो. कॉलमची नावं, प्रकार, लांबी टेबलातूनच घेऊन फॉर्म तयार करता येईल का? जुन्या स्क्रिप्टमधलं 'मायएसक्यूएल_लिस्ट_फील्ड्स' नव्या सर्व्हरवर चालत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. ते फंक्शन ज्या जुन्या एक्स्टेन्शनमधलं आहे, ते एक्स्टेन्शनच पीएचपी 7.0 मधून (डिसेंबर 2015) काढून टाकलं गेलं. आता मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ ही डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची एक्स्टेन्शनं वापरायची.

नुसतं टेबल कसं आहे ते बघायचं असेल तर 'शो कॉलम्स फ्रॉम मेंबर्स' पुरतं ('मेंबर्स' हे टेबलाचं नाव). प्रत्येक कॉलमसाठी एक ओळ येते आणि तिच्यात सहा गोष्टी असतात : फील्ड, टाइप, नल, की, डिफॉल्ट, एक्स्ट्रा. फॉर्म बनवायला मात्र 'इन्फर्मेशन_स्कीमा' या डेटाबेसातलं 'कॉलम्स' टेबल जास्त उपयोगी. ते मायएसक्यूएल 5.0 पासून आहे. त्याच्यातून 'कॉलम_नेम', 'डेटा_टाइप', 'कॅरेक्टर_मॅक्सिमम_लेंग्थ', 'इज_नलेबल', 'एक्स्ट्रा' आणि 'कॉलम_कॉमेंट' घ्या, आणि 'ऑर्डिनल_पोझिशन'नुसार ऑर्डर लावा.

क्वेरीच्या अटीत ('व्हेअर'मध्ये) 'टेबल_नेम'च्या जोडीला 'टेबल_स्कीमा = डेटाबेस()' हवंच. एकाच सर्व्हरवर खरा आणि चाचणीचा असे दोन डेटाबेस असले आणि लॉगिनला दोन्हींची परवानगी असली, तर या अटीशिवाय प्रत्येक कॉलम दोनदा येतो आणि फॉर्मवर प्रत्येक रकाना दोनदा उमटतो.

दुसरी अडचण मायएसक्यूएल 8 ची. तुम्ही क्वेरीत लहान अक्षरं वापरली तरी या टेबलातल्या कॉलमची नावं उत्तरात मोठ्या अक्षरांत येतात. पीएचपीच्या अ‍ॅरेत लहान आणि मोठ्या अक्षरांतली नावं (की) वेगळी मोजली जातात, म्हणून जुन्या आवृत्तीवर चालणारी स्क्रिप्ट इथे 'अनडिफाइन्ड' म्हणत राहते. प्रत्येक कॉलमला 'अ‍ॅज' लावून स्वतःचं नाव द्या. दोन्ही आवृत्त्यांवर चालेल.

'एक्स्ट्रा'त 'ऑटो_इन्क्रिमेंट' (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तो कॉलम फॉर्मवर घेऊ नका. 'व्हर्च्युअल जनरेटेड' किंवा 'स्टोअर्ड जनरेटेड' असेल तोही नको, कारण त्याची किंमत (व्हॅल्यू) डेटाबेस स्वतः काढतो. पण तपासताना नुसता 'जनरेटेड' हा शब्द शोधू नका. मायएसक्यूएल 8 मध्ये 'करंट_टाइमस्टॅम्प'सारखा डिफॉल्ट असलेल्या कॉलमवर 'डिफॉल्ट_जनरेटेड' येतं, आणि तोही कॉलम गाळला जाईल.

फॉर्मवरची मराठी लेबलं 'कॉलम_कॉमेंट'मध्ये ठेवावीत, ही आमची आग्रहाची सूचना. 'एफनेम'च्या शेजारी 'सभासदाचे नाव' टेबलातच लिहिलेलं राहिलं की फॉर्म, अहवाल आणि पुढे हे काम हाती घेणारा माणूस, सगळ्यांनाच ते मिळतं. कॉमेंट 1024 अक्षरांपर्यंत चालते. मात्र ती बदलताना 'ऑल्टर टेबल … मॉडिफाय'मध्ये कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते. 'नॉट नल', डिफॉल्ट, 'ऑटो_इन्क्रिमेंट' यांतलं जे लिहायचं राहील ते कॉलमवरून निघून जातं, आणि त्याबद्दल एरर येत नाही. म्हणून आधी 'शो क्रिएट टेबल' चालवा, त्यातली ओळ जशीच्या तशी उचला आणि फक्त कॉमेंट बदला. लेबलांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कनेक्शन उघडल्यावर कॅरेक्टरसेट (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) 'यूटीएफ8एमबी4' केलेला नाही, असं समजा.

प्रश्न : कॉलम व्हारकॅर(50), म्हणजे 50 अक्षरांपर्यंतच्या मजकुराचा, आहे, पण 'फेच_फील्ड्स' लांबी 200 सांगतं. खरं कोणतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही. 'फेच_फील्ड्स' हे मायएसक्यूएलआयचं फंक्शन टेबलाबद्दल सांगत नाही, क्वेरीचं जे उत्तर आलं त्याबद्दल सांगतं. आणि तिथली लांबी बाइटमध्ये असते, कनेक्शनच्या कॅरेक्टरसेटप्रमाणे. 'यूटीएफ8एमबी4'मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त 4 बाइट, म्हणून 50 गुणिले 4. फॉर्मच्या रकान्यात किती अक्षरं मावतील ते ठरवणाऱ्या 'मॅक्सलेंग्थ'ला हा आकडा दिलात तर 50 च्या कॉलमसाठी 200 अक्षरं टाइप होतील आणि सेव्ह करताना स्ट्रिक्ट मोडमध्ये (न बसणारी माहिती नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) एरर येईल, तो बंद असेल तर मजकूर कापला जाईल. 'कॅरेक्टर_मॅक्सिमम_लेंग्थ' वापरा, तिथे 50 च मिळेल.

मराठीत मोजताना आणखी एक गोष्ट धरावी लागते. मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. 'कोल्हापूर' आपण चार अक्षरांचं म्हणतो, डेटाबेस 9 मोजतो. पीएचपीचं 'स्ट्रलेन' 27 सांगेल, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. तपासणी 'एमबी_स्ट्रलेन'नंच करा, आणि मराठी नाव-पत्त्यांचे कॉलम ठरवताना इंग्रजीच्या अंदाजानं कंजूषपणा करू नका.

क्वेरीत जॉइन (दोन टेबलांची जोडणी) असेल, 'काउंट' असेल, 'अ‍ॅज'नं नाव बदललेलं असेल, तेव्हा मात्र 'फेच_फील्ड्स'च बरोबर. त्यात 'नेम' हे उत्तरातलं नाव आणि 'ऑर्गनेम' हे टेबलातलं मूळ नाव, असं दोन्ही मिळतं. नुसती कॉलमची माहिती हवी असेल तर क्वेरीच्या शेवटी 'लिमिट 0' द्या, म्हणजे एकही ओळ आणावी लागत नाही.

प्रश्न : टेबलाचं नाव यूआरएलमधून येतं. 'शो कॉलम्स फ्रॉम'पुढे प्रश्नचिन्ह ठेवून प्रिपेअर केलं तर 1064 एरर येते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येणारच, 1064 म्हणजे क्वेरीच्या मांडणीतली चूक. प्लेसहोल्डर (ते प्रश्नचिन्ह) फक्त किमतीच्या जागी चालतो, टेबल किंवा कॉलमच्या नावाच्या जागी नाही. म्हणून आलेलं नाव थेट क्वेरीत चिकटवायचं, हा उपाय मात्र धोक्याचा आहे. 'इन्फर्मेशन_स्कीमा'च्या क्वेरीत टेबलाचं नाव ही साधी किंमतच असते, 'टेबल_नेम = ?' असं लिहिलं की प्लेसहोल्डर चालतो.

पण तेवढ्यानं सुरक्षितता मिळत नाही. नाव बदलून कोणीही पासवर्डच्या टेबलाची रचना वाचू शकेल. ज्या टेबलांची माहिती दाखवायची आहे त्यांची यादी स्क्रिप्टमध्येच ठेवा आणि आलेलं नाव त्या यादीत नसेल तर काम तिथेच थांबवा. वेबसाइटच्या डेटाबेस लॉगिनलाही नको त्या टेबलांवर परवानगी देऊ नका; ज्या कॉलमवर कसलाच अधिकार नाही, तो 'इन्फर्मेशन_स्कीमा' त्या लॉगिनला दाखवतच नाही.

प्रश्न : एनम (ठरलेल्या पर्यायांपैकीच एक घेणाऱ्या) कॉलममधले पर्याय ड्रॉपडाउनमध्ये कसे आणायचे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : 'डेटा_टाइप'मध्ये नुसतं 'एनम' मिळतं, पर्याय 'कॉलम_टाइप'मध्ये असतात. सुरुवातीचे 'एनम(' आणि शेवटचा कंस काढा. उरलेलं स्वल्पविरामावर 'एक्सप्लोड'नं तोडू नका, एखाद्या पर्यायातच स्वल्पविराम असला तर त्याचे दोन पर्याय होतील. 'एसटीआर_गेटसीएसव्ही' या पीएचपी फंक्शनला विभाजक स्वल्पविराम आणि अवतरण म्हणून एकेरी चिन्ह द्या. दोनदा आलेलं एकेरी चिन्हही ते बरोबर वाचतं.

प्रश्न : घरच्या विंडोजवर कॉलम दिसतात, सर्व्हरवर तीच स्क्रिप्ट शून्य ओळी देते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्व्हर लिनक्सचा असेल तर टेबलाच्या नावातली लहान-मोठी अक्षरं आधी ताडून पाहा. लिनक्सवर मायएसक्यूएल सहसा 'मेंबर्स'ची दोन स्पेलिंगं, एक मोठ्या अक्षराची आणि एक लहान, वेगळी टेबलं मानतं. विंडोजवर मानत नाही. ती जुळत असतील तर लॉगिनचे अधिकार 'शो ग्रँट्स'नं बघा.