जुनी फेल्ट हॅट, काळी टोपी : वाचकांचे प्रश्न

वाडा पुनर्बांधणीला गेला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यांतून फेल्टच्या, म्हणजे केस किंवा लोकर दाबून केलेल्या कापडाच्या हॅट, काळ्या टोप्या, एखादी सोला हॅट निघते. त्यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत करड्या रंगाची फेल्ट हॅट सापडली. आतल्या चामडी पट्टीवर दुकानाचा सोनेरी शिक्का आहे, त्यात रोमन लिपीत ‘पूना २’ असं वाचता येतं. हॅट लोकरीची आहे की सशाच्या केसांची? आणि किती जुनी असेल? (नारायण पेठ)

आधी हाताला काय लागतं ते पाहा. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचा फेल्ट पातळ असूनही घट्ट असतो. ब्रिम, म्हणजे हॅटची भोवतालची रुंद कड, हलकेच वाकवून सोडली की ती जागेवर येते, आणि पृष्ठभाग बोटांना जवळजवळ रेशमी लागतो. लोकरीचा फेल्ट त्याच वजनाला जाड असतो, जरा खरबरीत लागतो आणि कडक असला तर तो कडकपणा बहुधा लाखेचा असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर लोकरीचे लांब, कुरळे धागे वेगळे ओळखू येतात. सशाच्या केसांची वीण इतकी बारीक असते की एकेक केस सुटा दिसत नाही. एक धागा जाळून वास घेण्याची युक्ती इथे उपयोगाची नाही. लोकर आणि ससा दोन्ही केराटिनचेच, दोन्हींना जळक्या केसांचा वास येतो. त्यातून फार तर कृत्रिम धागा ओळखता येईल.

वयासाठी शिक्का हा तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी शहराच्या नावापुढे नुसता विभागाचा आकडा लिहीत. तेव्हा ‘पूना २’ हा शिक्का त्याआधीच्या पद्धतीचा आहे. ‘पूना’चं अधिकृत ‘पुणे’ १९७८मध्ये झालं, पण नुसत्या नावावर विसंबू नका, कारण जुने ठसे दुकानदार पुढेही वापरत राहत. शिक्का दुकानाचा असतो, हॅट बनवणाऱ्याचा असेलच असं नाही. म्हणून घामपट्टी, म्हणजे ती आतली चामडी पट्टी, हळूच उलटी करा. मागच्या शिवणीजवळ मापाची कागदी चिठ्ठी असते, कधी कामगार संघटनेचं छापील लेबलही असतं. अमेरिकी हॅटमध्ये हॅट आणि कॅप कामगारांच्या एकत्रित संघटनेचं नाव असेल तर ती १९३४ नंतरची, कारण ते एकत्रीकरण त्या वर्षीचं. चिठ्ठी सुटत आली असली तरी डिंक लावून चिकटवू नका. आहे तशी राहू द्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

अस्तरावरच्या मोठ्या नावाला मात्र फार महत्त्व देऊ नका. बोर्सालिनो ही हॅट कंपनी १८५७पासून इटलीतल्या अलेस्सांद्रियाची आणि स्टेटसन १८६५मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली, हे खरं. पण अस्तर नुसतं चिकटवलेलं असतं, ते सहज बदलता येतं. फेल्टचा पोत, काठाचं काम आणि घामपट्टीची शिलाई बदलणं अवघड. काठ दुमडलेला आहे, तरीही शिलाईचा टाका दिसत नाही, दुमड फेल्टमध्येच एकजीव झाली आहे, असं दिसलं तर ते वरच्या दर्जाचं हातकाम समजा.

एक गोष्ट काळजीची. केस नीट गुंतावेत म्हणून पूर्वी सशाच्या कातड्यावर पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावत. अमेरिकेत हा वापर डिसेंबर १९४१मध्ये थांबवण्यात आला, पण त्याआधीच्या हॅटमध्ये पारा अजूनही आढळतो. म्हणून जुनी हॅट उघड्या खिडकीजवळ हाताळा, झटकू नका, हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना खेळायला देऊ नका.

प्रश्न : पावसात भिजलेली हॅट हेअर ड्रायरने वाळवली. आता ब्रिमला लाटा आल्या आहेत आणि हॅट डोक्याला घट्ट होते. काही करता येईल का? (औंध)

बरंच करता येईल, पण आधी काय झालं ते समजून घ्या. केसावर एकाच दिशेने खवले असतात. ओल, उष्णता आणि दाब एकत्र आले की ते एकमेकांत आणखी अडकतात. फेल्ट तयार होतो तोही असाच. ड्रायरने तुम्ही तीच क्रिया पुढे चालू ठेवलीत आणि फेल्ट आटला. त्याहून जास्त आटली असेल ती घामपट्टी. भिजलेलं चामडं तापलं की आक्रसतं आणि हॅटला आत ओढून घेतं.

पाणी पितळी किंवा स्टीलच्या किटलीत उकळा. कुकरच्या शिटीखाली हॅट धरू नका, त्या वाफेबरोबर पाण्याचे थेंब उडतात आणि फेल्टवर डाग राहतात. घामपट्टी बाहेर उलटून किटलीपासून दूर ठेवा. हॅट तोंडापासून दीड वीत अंतरावर धरून एका जागी पंधरा-वीस सेकंद वाफ द्या. फेल्ट गरम आणि मऊ लागला पाहिजे, ओला नाही. ओला लागला तर थांबा. मग ब्रिमचा तेवढा भाग सपाट पाटावर ठेवून तळहाताने दाबत गार होईपर्यंत धरा आणि पुढच्या भागाकडे वळा. पूर्ण फेरी व्हायला अर्धा तास लागतो. घाईने सगळी ब्रिम एकदम वाफवली तर एक बाजू सरळ करताना दुसरी पुन्हा वाकते. लाट हट्टी असेल तर वरून ओलसर सुती कापड टाकून इस्त्री लोकरीच्या आकड्यावर ठेवा आणि नुसती टेकवून उचला. सरकवली तर फेल्टवर चकाकी येते आणि ती जात नाही. जास्त वाफ दिली तर लाख सैल होऊन ब्रिम लुळी पडते, म्हणून एका दिवसात दुसरी फेरी नको.

माप वाढवायचं असेल तर थोडी वाफ दिलेली, कोमट हॅट डोक्यावर घालून तिथेच गार होऊ द्या. डोकं लांबट असतं आणि डबा गोल, त्यामुळे डब्यावर चढवून ठेवली तर हॅट दोन्ही बाजूंना ढिली आणि पुढे-मागे घट्ट बसते. अर्ध्या मापापेक्षा जास्त वाढवण्याच्या भानगडीत पडू नका, घामपट्टी शिवणीजवळ फाटते.

पुढच्या वेळी भिजली तर क्राउनमध्ये, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या उंच भागात, पडलेले खड्डे आतून बाहेर काढा, घामपट्टी खाली उलटा आणि हॅट त्या पट्टीवर उभी ठेवा. पंख्याखाली, ड्रायर नाही, ऊन नाही. एक दिवस लागेल.

प्रश्न : क्राउनच्या खालच्या कडेला खोबरेल तेलाचा जुना डाग आहे. (कर्वे रस्ता)

हलक्या रंगाच्या फेल्टवर बारीक चाळलेला कॉर्नफ्लॉवर किंवा मुलतानी माती जाडसर पसरा, रात्रभर ठेवा आणि मऊ ब्रशने काढा. तीन-चार वेळा करावं लागेल, कारण तेल खोलवर गेलेलं असतं आणि पूड फक्त वर येणारं तेल ओढते. काळ्या किंवा गडद फेल्टवर पूड लावूच नका, ती तंतूंत अडकून राखाडी छटा राहते. तिथे दोन्ही बाजूंनी टीपकागद ठेवून वजन द्या. पेट्रोल किंवा स्पिरिटने क्राउनभोवतीच्या फितीचा रंग उतरतो आणि घरात ते पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून आम्ही तो सल्ला देणार नाही. ब्रश वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. तंतू तसेच बसवलेले असतात.

प्रश्न : फितीखाली फेल्ट कुरतडल्यासारखा दिसतो. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, तरीही. (सहकारनगर)

कसर लागली आहे. नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते, आणि तिला अंधार आणि घाम लागलेला फेल्ट आवडतो. म्हणून फितीखालची जागा आधी जाते. तिथे वाळूसारखे कण आणि बारीक जाळीच्या नळ्या दिसतील. कडुनिंबाच्या पाल्याने अळ्या मरत नाहीत. डांबरगोळ्यांचा वास मोकळ्या कपाटात इतका दाट होत नाही की त्या मरतील, आणि दाट झाला तर तो तुमच्याही तब्येतीला बरा नाही. डांबरगोळी आणि कापूर एकत्र तर कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून वितळतात आणि डाग पडतो.

मऊ ब्रशने कण काढा. हॅट टिश्यूत गुंडाळून जाड प्लास्टिक पिशवीत घाला, हवा काढून तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. रोज दहादा उघडल्या जाणाऱ्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ही थंडी टिकत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास बंदच राहू द्या, नाहीतर गार फेल्टवर हवेतलं पाणी जमतं. पावसाळ्यानंतर गाद्यांसारखं गच्चीवर ऊनही दाखवू नका, फेल्ट विटतो आणि चामडं तडकतं.

प्रश्न : जुन्या बाजारात हॅट घेताना काय तपासावं? (पिंपरी)

बुधवार-रविवारच्या गर्दीत फार वेळ मिळत नाही, म्हणून तीनच ठिकाणं. पहिलं, क्राउनच्या पुढच्या चिमट्याची टोकं. लोक हॅट तिथे धरून उचलतात, म्हणून फेल्ट आधी तिथेच फाटतो. आतून बोट लावून उजेडाकडे धरा, पातळ झालं असेल तर उजेड दिसतो. दुसरं, घामपट्टी. वाकवल्यावर लालसर भुगा पडला तर चामडं मेलं आहे. पट्टी बदलता येते, पण किंमत त्या हिशोबाने ठरवा. तिसरं, माप. ५७ सेंटिमीटरच्या डोक्याला ब्रिटिश माप ७ आणि अमेरिकी ७ १/८ लागतं. आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता घेतलेली हॅट हमखास एका मापाने चुकते.

सोला हॅट फेल्टची नसते. ती सोला वनस्पतीच्या हलक्या गाभ्याची असते. तिला वाफ किंवा पाणी देऊ नका, चुरा होतो.

प्रश्न : वडिलांची काळी फेल्टची टोपी तपकिरी पडली आहे. रंगवून घ्यावी का? (सदाशिव पेठ)

नको. काळा रंग पक्का बसवायला उकळतं पाणी लागतं आणि त्यात टोपी आटेल, अस्तर सुटेल. वर लावायचा रंग घामाने कपाळावर उतरतो. रंग विटतो तो प्रकाशाने, तेव्हा पुढचं विटणं थांबवा. खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटातून ती काढा. घडीत चिरा पडू नयेत म्हणून आत पांढऱ्या टिश्यूचा सैल बोळा भरा, वर्तमानपत्र नाही, त्याची शाई अस्तराला लागते. झाकण असलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा आणि जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडून बुरशीचे ठिपके आलेत का पाहा. दिसले तर मास्क लावून, टोपी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने काढा. ओल्या फडक्याने पुसले तर ते पसरतात.