विशेष शिक्षणातल्या मुलाचे शाळेचे कागद कसे लावून ठेवावेत?

तुम्ही विचारलंय की मुलाचे चार वर्षांचे अहवाल, शैक्षणिक आराखडे (मुलाची वर्षभराची उद्दिष्टं लिहिलेले) आणि शाळेच्या चिठ्ठ्या यांचा ढीग साचलाय, तो लावायचा कसा आणि त्यातलं काय टाकून द्यायचं.

माझ्या मुलीच्या कागदांसाठी मी आधी विषयवार कप्पे केले होते. स्पीच थेरपी एकीकडे, मानसशास्त्रज्ञांचे अहवाल दुसरीकडे. दिसायला झकास. पण शाळेच्या बैठकीत कुणी विचारलं, "मागच्या जूनमध्ये काय ठरलं होतं?" की पाचही कप्पे उपसत बसायचे. शेवटी सगळं मोडलं आणि एकाच बॉक्स फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावलं. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. पेन्सिलीनेच, कारण एकदा मी मूळ अहवालावरच हायलायटर फिरवला आणि झेरॉक्समध्ये नेमकी तीच ओळ काळी आली.

असं लावल्यावर पहिल्याच रात्री एक गोष्ट लक्षात आली. "दोन टप्प्यांची सूचना पाळेल" हे उद्दिष्ट सलग तीन वर्षांच्या आराखड्यांत होतं, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसकट! दरवर्षी बैठकीला मीही हजर होते आणि सहीही माझीच होती. पुढच्या बैठकीत तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, फारसं बोलावं लागलं नाही.

चाचण्यांचे आकडे मात्र सांभाळून वाचा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. १६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात १६ गुण नव्हेत, तर त्या वयाच्या शंभरातली साधारण सोळा मुलं त्या गुणांच्या खाली आहेत, एवढाच अर्थ. बुद्ध्यंकाच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप) १५ धरतात, त्या मापाने १६ पर्सेंटाइल ८५ च्या आसपास येतं. मुलीचा पर्सेंटाइल एकदा घसरला तेव्हा मी रडले होते. नंतर कळलं की तिची बरोबर उत्तरं वाढली होती, फक्त बरोबरीची मुलं जास्त वेगाने पुढे गेली होती. म्हणून अहवालात मूळ गुण (प्रत्यक्ष किती उत्तरं बरोबर आली), चाचणीचं नाव, आवृत्ती आणि त्या दिवशीचं मुलाचं वय आहे ना, हे बघा. नसेल तर मागून घ्या.

तोंडी ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठवा. मदतनीस ताईंचे तास वाढवायचं फोनवर कबूल झालं होतं, महिन्याने "असं आम्ही म्हटलंच नाही" हे ऐकावं लागलं. आता दोन ओळींचा ईमेल जातो: "आज असं ठरलं, माझी समजूत चुकली असेल तर कळवा." त्याची प्रिंटही फाइलमध्ये.

स्नेहसंमेलनाच्या आणि सुट्ट्यांच्या सूचना खुशाल टाका. वहीची दोन-तीन पानं मात्र दरवर्षी ठेवा, गिचमिड अक्षराची असली तरी. स्कॅन करत असाल तर फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

एका दमात ढीग आवरायला जाऊ नका. आज फक्त तारखा टाका. ज्या कागदावर तारीखच नाही तो बाजूला काढा, त्याची तारीख शाळेकडून लेखी मागवावी लागेल.