अरबीचं ग्रामर आणि माझ्या फाईलवरचा 'अहवाल'

"मॅडम, अरबी ग्रामरचं नाव काढलं की याच्या पोटात दुखतं, डॉक्टरांना दाखवलं तर काही नाही म्हणाले, आता जबरदस्ती करू की क्लास सोडू देऊ?" अरबी असो की संस्कृत, हा प्रश्न मला नेहमी येतो म्हणून ही केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

म्हापशातलं कुटुंब, मूळचे सिंधुदुर्गातले, घरात मराठी, वडील मस्कतला. मुलगा नववीत, संध्याकाळी अरबीच्या क्लासला जातो. आईसमोर तो तोंडच उघडेना म्हणून तिला जरा बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, फक्त वही दाखव. पानभर लाल शाई. सगळे मार्क गेलेले शब्दाच्या शेवटच्या जेर-जबर-पेशवर (इ, अ, उ या स्वरांच्या खुणा), किताबुन, किताबन, किताबिन, म्हणजे आपल्या विभक्तीसारखंच, शब्दाचं वाक्यातलं काम बदललं की शेवट बदलतो. कधीपासून आवडेना रे, विचारलं तर म्हणाला, "मोठ्याने वाचताना शेवट चुकला की सगळे हसतात, मग मी वाचतच नाय." भाषा नावडती नव्हतीच हो, हसं होण्याची भीती होती, आणि घरच्यांना बिचाऱ्यांना त्यातला फक्त आळस दिसतो.

पुढच्या पानावर अनेकवचनं होती, खबर-अखबार, वलद-औलाद, हाल-अहवाल. मी थांबलेच, अरे, अहवाल तर मी रोज लिहिते! माझी फाईल त्याच्यापुढे ठेवली, वर मोठ्या अक्षरात 'अहवाल'. तो बघतच राहिला, मग त्या शब्दावर बोट ठेवून मलाच शिकवायला लागला, आधी 'अ' लागतो, शेवटच्या अक्षराआधी 'आ' येतो, तिन्ही शब्दांना साचा एकच, औलाद म्हणजे खरं तर अव-लाद. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेली तरी याचं चालूच.

आईला सांगितलं, महिनाभर मार्क विचारू नका, रोज एक शब्द त्याच्याकडून तुम्ही शिका, आणि उस्तादांना भेटून सांगा की वर्गात वाचायच्या आधी याला एकट्याला एकदा वाचून घेऊ द्या. उस्तादांना हसण्याचं माहीतच नव्हतं, ते लगेच तयार झाले.

दीड महिन्याने आले तेव्हा जेर-जबर अजून चुकतच होते, मार्क थोडेसेच वाढलेले. पण चपला काढता काढताच म्हणाला, "मॅडम, औकात पण त्यातलंच, वक्तचं अनेकवचन!"