कॅनबेरात गाइडशिवाय जंगलातल्या पायवाटेने फिरावं का? तिथे दिसतं तरी काय?

तुम्ही लिहिलंय की मुलगा कॅनबेराच्या गंगालिन भागात राहतो, एप्रिल-मेमध्ये तुम्ही दोघं त्याच्याकडे जाताय. घराजवळ मलिगन्स फ्लॅट नावाचं राखीव जंगल आहे, पण ना जीप ना गाइड, मग साठीनंतर आपलं आपण आत शिरावं का, अशी शंका आहे. मी त्याच भागात राहतो. बिनधास्त जा. वाघ, बिबट्या, अस्वल यातलं तिथे काहीच नाही, वाट बरीचशी सपाट आहे आणि दिवसा फिरायला तिकीटही नाही.

फक्त ताडोबाचा हिशेब घरी ठेवून जा. कांगारू दिसतीलच, दुपारी झाडाखाली कुशीवर लोळत पडलेले असतात. (खायला घालू नका, मोठ्या नराच्या जवळ जाऊन फोटो तर अजिबात नको.) पण ज्यांच्यासाठी हे जंगल राखलंय, ते बहुतेक रात्री बाहेर पडतात. दिवसा त्यांच्या खुणाच बघायच्या.

आधी कुंपण नीट बघा. 2009 साली ते पूर्ण झालं, साडेअकरा किलोमीटर लांब. तळाची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरलेली असते, म्हणजे कोल्ह्याला उकरून आत शिरता येत नाही. कोल्हे इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी आणले, मांजरंही बाहेरूनच आली, आणि दोघांनी मिळून इथले छोटे प्राणी जवळजवळ संपवले. आतले कोल्हे, मांजरं, ससे काढल्यावर 2012 मध्ये टास्मानियातून बेटाँग आणून सोडले. सशाएवढा, पोटाला पिशवी असलेला, कांगारूचाच भाऊबंद. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो शंभरेक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता.

वाटेच्या कडेला मुठीएवढे खड्डे दिसतील, एका बाजूला उकरलेल्या मातीचा छोटा ढीग. ते बेटाँगचं काम. जमिनीखालची बुरशी हे त्याचं आवडतं खाणं, ती शोधताना तो एका रात्रीत कितीतरी ठिकाणी उकरतो. वाकून एखादा खड्डा बघा: आत सुका पाला साचलेला असतो, पावसानंतर ओल टिकलेली असते, कधी बारीक कोंबही दिसतो. मेंढ्यांनी वर्षानुवर्षं तुडवून घट्ट केलेली जमीन हा प्राणी फुकटात नांगरतोय. माझ्या मते तिथली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच, आणि बहुतेक पाहुणे ती ओलांडून कांगारूचे फोटो काढायला पळतात.

दुसरी गोष्ट, ओंडके. झाडं पडलीत आणि कोणी उचलत कसं नाही, असं तुम्हालाही वाटेल. त्यातले बरेच मुद्दाम आणून टाकलेत, एकूण सुमारे दोन हजार टन. सरडे, किडे, छोटे प्राणी त्यांच्या आडोशाला राहतात. उभी निलगिरीही आपल्याकडच्या लागवडीसारखी सरळसोट रांगेतली नाही, वाकडीतिकडी, म्हातारी, ढोल्या पडलेली. अशी ढोली तयार व्हायला शंभराच्या वर वर्षं लागतात, आणि पोपटांना घरटं करायला तीच लागते.

कुंपण घातलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. 2016 मध्ये क्वोल सोडले, अंगावर पांढरे ठिपके असलेला मांजरापेक्षा लहान शिकारी. त्यातले काही कुंपण चढून बाहेर गेले आणि मेले. पुढच्या खेपेला पिशवीत पिल्लं असलेल्या माद्याच सोडल्या, त्या टिकल्या.

आता सापाचं. ईस्टर्न ब्राउन तिथे आहे आणि जहाल विषारी आहे. तुम्ही जाल तेव्हा थंडी सुरू झालेली असेल, साप कमी दिसतात, तरी उन्हाच्या दुपारी निघू शकतो. वाट सोडू नका, ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका, बूट आणि लांब पँट घाला. चावलाच तर जखम धुवायची नाही, सगळ्या हाताला किंवा पायाला रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळायचं, माणसाला जागचं हलू द्यायचं नाही, 000 ला फोन. हे तिथल्या सापांपुरतं बरं का. आपल्याकडे घोणस-फुरसं चावल्यावर असं आवळणं नुकसानीचं ठरू शकतं.

एप्रिलच्या सकाळी नऊनंतर निघा. पाणी बरोबर ठेवा, वाटेत मिळेल असं धरू नका. फाटक मागे लागलं की नाही ते ओढून बघा, कुत्रा नेता येत नाही. हिवाळ्यात कांगारूंची संख्या कमी करण्याच्या मोहिमेसाठी काही राखीव जंगलं संध्याकाळी बंद ठेवतात, तेव्हा फाटकावरची पाटी वाचा.

प्रत्यक्ष बेटाँग बघायचा असेल तर गाइडबरोबरची रात्रीची फेरी मुलाला आधीच बुक करायला सांगा. तिला पैसे पडतात. मेमध्ये पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि मग थंडी एकदम अंगावर येते, कानटोपी आणि जाड स्वेटर पुण्याहूनच घेऊन या.