फक्त १८,००० किलोमीटर चाललेली सेडान: त्या ‘फक्त’चा हिशेब

प्रश्न असा आहे: चौघांच्या कुटुंबासाठी मध्यम आकाराची पेट्रोल सेडान घ्यायची आहे. तेवढ्याच पैशात नव्या गाडीचं सगळ्यात खालचं मॉडेल मिळतंय, किंवा चार वर्षं जुनं पण ‘फक्त १८,००० किलोमीटर’ चाललेलं, ऑटोमॅटिक गिअरचं वरचं मॉडेल. विकणारा म्हणतो, गाडी नवीच समजा. कोणती घेऊ?

नवी की जुनी हे शेवटी सांगतो. आधी त्या ‘फक्त’बद्दल बोलू. विकत घेण्याआधी गाड्या तपासून देणं हे माझं काम आहे. गाडी बघायला सोबत एक जाणकार आलेला असतोच. तो दार उघडून आधी मीटर बघतो, आकडा लहान दिसला की खूश होतो, आणि मग बाकीचं बघणं वरवरचं होतं. या एका आकड्यापायी उत्तम गाड्या नाकारल्या जातात आणि आतून खराब झालेल्या गाड्या जास्त पैसे मोजून घरी आणल्या जातात. हे मला मनापासून खटकतं, म्हणून लांबण लागली तरी लिहितो.

चार वर्षं म्हणजे साधारण १,४६० दिवस. १८,००० ला त्याने भागा. दिवसाला १२ किलोमीटर येतात, म्हणजे सहा जाताना, सहा येताना. इंजिन थंड ठेवणारं कूलंट पाच-दहा मिनिटांत गरम होतं आणि डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर येतो, म्हणून आपल्याला वाटतं इंजिन तापलं. ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ते पुरतं गरम व्हायच्या आत आपण पोहोचलेलो असतो आणि इंजिन बंद होतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ज्वलनातून होणारी वाफही आत पाणी होऊन साठते. ऑइल ९० ते १०० अंशांवर बराच वेळ राहिलं तर हे पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. रोज सहा-सहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती वेळ येतच नाही. ऑइल पातळ होतं, त्यात आम्लं तयार होतात, गाळ धरतो. त्यात मालकाचं म्हणणं असतं, ‘दहा हजार झालेच नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं?’ गाडीच्या पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही लिहिलेले असतात, ते कोणी वाचत नाही. बहुतेक पेट्रोल गाड्यांना वर्षातून एकदा ऑइल बदलावंच लागतं, चाललेली असो वा नसो.

आता तासांचा हिशेब करा. गर्दीच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी २० धरला तर १८,००० किलोमीटरला इंजिन ९०० तास चाललं. दुसरी एखादी गाडी मोकळ्या रस्त्यावर सरासरी ६५ ने ६०,००० किलोमीटर धावली, तर तिचे तास होतात साधारण ९२३. दोन्ही इंजिनं जवळजवळ सारखीच चालली. पण पहिल्या गाडीने थंड इंजिनावर कितीतरी जास्त वेळा स्टार्ट खाल्ला, ब्रेक आणि गिअर कितीतरी जास्त वेळा वापरले. विकताना मात्र तीच ‘कमी चाललेली’.

हे सगळं आकडा खरा असेल तर. तो खरा आहे का, हे आधी ठरवा. स्टिअरिंगचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड हे सगळे बघतात आणि म्हणूनच विकणारेही ते बदलून ठेवतात. टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. १८,००० किलोमीटरच्या गाडीचे टायर मूळचेच असायला हवेत, म्हणजे कोड गाडी बनल्याच्या काही महिने आधीचा हवा. टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी तरुण असतील तर का बदलले ते विचारा आणि बिल मागा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ ला टायर संपला असं धरतात. मूळ टायर आहेत पण नक्षी २-३ मिलिमीटरच उरली आहे, हे १८,००० शी जुळत नाही. एकाच कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट (चाकांचा सरळपणा) किंवा लोअर आर्मची (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याची) गडबड आहे.

मग ब्रेक. पुढचे पॅड नवे असताना १० ते १२ मिलिमीटरचे असतात, ३ वर आले की बदलायचे. डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवा. मोठी पायरी लागली तर डिस्क बरीच झिजलेली आहे. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून ताडून बघा. गर्दीत चाललेल्या गाडीचे पॅड लवकर जातात हेही खरं, त्यामुळे एकट्या पॅडवरून मीटर मागे केल्याचा आरोप करू नका. टायर, डिस्क, सर्व्हिसची बिलं आणि स्कॅनर या चौघांची साक्ष एकमेकांशी जुळते का ते बघायचं.

स्कॅनरवर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक पकडता येते. डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा. साधा स्कॅनर लावून लोक ‘कोड नाही, गाडी स्वच्छ’ म्हणून उठतात. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष, आणि तो पुसायला एक मिनिट लागतं. तुम्ही दोन गोष्टी बघा. पहिली, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का हे दाखवणारी यादी. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर जातात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा यांच्यापुढे ‘अपूर्ण’ असं दिसतं. त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, स्थिर वेग असं करत बरंच चालवावं लागतं. दुसरी, ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’. बऱ्याच गाड्या ते देतात. तिथे ११ किलोमीटर दिसलं तर काल-परवाच कोणीतरी काहीतरी लपवलं आहे. बॅटरी काढली तरी हे शून्य होऊ शकतं, म्हणून विकणाऱ्याला विचारा, बॅटरी कधी आणि का काढली. शिवाय मीटरमधला आकडा बदलला तरी अनेक गाड्यांत एबीएस, गिअरबॉक्स किंवा एअरबॅगच्या युनिटमध्ये जुना किलोमीटरचा आकडा राहून जातो. तो वाचायला त्या कंपनीचा किंवा वरच्या दर्जाचा स्कॅनर लागतो. त्याचे पैसे द्या, वाया जात नाहीत.

आकडा खरा निघाला, तर कमी चालण्याचे परिणाम शोधा. गाडी थंडच बघायची, आदल्या रात्रीपासून उभी असलेली. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चावी न फिरवता परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. स्टार्ट करण्याआधी ऑइलचं झाकण काढून आतून टॉर्च मारा. झाकणाला पांढरी-पिवळी साय दिसली तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमधल्या पाण्याची असते. लोक लगेच हेड गॅस्केट (इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेलं म्हणून घाबरतात. त्यासाठी कूलंटची पातळी आणि रंगही बघा. कूलंट कमी होत असेल किंवा त्यावर तेलाचा थर असेल तर मात्र घाबरा. झाकणाच्या आत काळा घट्ट चिखल दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि अशी गाडी मी कोणालाही घ्या म्हणत नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे आणि पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जास्त होतं. त्याच इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनही साचतो, कारण त्यांना धुणारं पेट्रोल त्यांच्यावरून जातच नाही.

स्टार्ट करताना मागे एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा आणि तुम्ही बॉनेट उघडून कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड झाली आणि थांबली, तर टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर उशिरा ताण धरतोय किंवा चेन लांबली आहे. जुन्या, घाण ऑइलची ही नेहमीची भेट. स्कॅनरवर पी ००१६ (ही वेळ जुळत नसल्याचा कोड) आला तर संशय आणखी पक्का. धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट जळतंय. इंजिनाला चेनऐवजी बेल्ट असेल तर त्यालाही किलोमीटरसोबत वर्षांची मुदत असते. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं.

उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंग थरथरतं आणि टायर तापल्यावर थांबतं. थांबलंच नाही तर टायर किंवा रिम गेलं. टायरच्या बाजूला बारीक भेगा आहेत का बघा. इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर, बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ च्या खाली असेल तर पुरती चार्ज झालेली नाही किंवा थकली आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. चार वर्षांत एकदाही बदललेलं नाही, हे मी अशा गाड्यांत सतत बघतो.

गिअरबॉक्ससाठी किमान अर्धा तास गाडी चालवा, कारण त्याचे दोष तापल्यावर बाहेर येतात. ब्रेक दाबून डी मधून आर मध्ये टाका. एक-दीड सेकंदाहून जास्त वेळ लागला किंवा मोठा धक्का बसला तर पुढे जाऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाडीत ताशी ६० ते ८० वर हलकासा पाय ठेवा. बारीक पट्ट्यांवरून गाडी जातेय अशी थरथर आली तर कन्व्हर्टरचा क्लच घसरतोय. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर चढावर मुंगीच्या पावलाने चालवा, क्लच खराब झाला असेल तर गाडी हिसके देईल. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर जोरात पिक-अप घेताना रडल्यासारखा आवाज आणि इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा चढूनही गाडी न पळणं, ही दोन लक्षणं. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदललेलं बरं, आणि नुसतं नट उघडून सोडलेल्या ऑइलमध्ये जेमतेम एक तृतीयांश ते निम्मंच बाहेर पडतं.

अपघात आणि पूर थोडक्यात. रंगाची जाडी मोजायचं मीटर आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एका पत्र्यावर ३०० आणि शेजारच्यावर १३० आलं तर तो परत रंगवला आहे. १,००० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. फेंडरच्या आणि बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवर पान्याच्या खुणा शोधा. दाराचं खरचटणं रंगवलं असेल तर त्यात वाईट काही नाही, पण समोरच्या चेसिसच्या पट्टीवर वेल्डिंग दिसलं तर विषय संपला. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाकडे चिखलाची रेघ किंवा ओलीचा वास म्हणजे गाडीत पाणी शिरलं होतं, आणि पुरातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आता तुमचा प्रश्न. नव्या खालच्या मॉडेलमध्ये काय नाही ते बघा. म्युझिक, कव्हर, अलॉय नंतर लावता येतात. एअरबॅगची संख्या, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी, मागच्या मधल्या सीटचा तीन टोकांचा बेल्ट हे नंतर बसवता येत नाही. त्यात कमी असेल तर मी जुन्या वरच्या मॉडेलकडे झुकेन. दोन्ही गाड्यांत घरचं चाइल्ड सीट प्रत्यक्ष लावून बघा. पाठीमागे तोंड करून लावलं की पुढच्या सीटला किती जागा उरते हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. डिकीचे लिटर बघू नका, तिचं तोंड बघा, कारण सेडानची डिकी खोल असून तोंड अरुंद असलं तर बाबागाडी आत जात नाही.

त्याच मॉडेलची, एकाच मालकाकडची, ७० हजार चाललेली आणि दरवर्षीची बिलं असलेली गाडी मिळाली तर मी ती या १८,००० वालीच्या आधी घेईन. मोठ्या रस्त्यावर चाललेल्या गाडीची काच आणि बॉनेट दगडांनी खरवडलेलं असतं, बुश (सांध्यांमधले रबर) आणि शॉकअब्झॉर्बर थकलेले असू शकतात, एवढं धरून चालायचं. हायब्रिड असेल तर वरचा तासांचा हिशेब लागू होत नाही, कारण तिचं इंजिन मधूनमधून बंदच असतं. आणि चार वर्षांत दरवर्षी ऑइल बदलल्याची बिलं या १८,००० वालीकडे असतील, तर माझा निम्मा आक्षेप तिथेच संपतो.

घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर बदला. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर इंजिन ऑइल पुन्हा एकदा बदला. आतला गाळ सुटून नव्या ऑइलमध्ये येतो, तो तिथेच ठेवायचा नसतो. चेसिस नंबर कंपनीकडे देऊन रिकॉलचं (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावण्याचं) काही काम बाकी आहे का विचारा. विशेषतः एअरबॅगचं बाकी असेल तर ते आधी करून घ्या, मग घरच्यांना बसवा.