वेल्क्रोची पकड का जाते?

प्रश्न : कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांवरून वेल्क्रो सुचलं, असं वाचलं. ती फळं ओढली तरी निघत नाहीत, मग बुटावरची पट्टी काही महिन्यांत ढिली कशी पडते? ती पुन्हा घट्ट करता येते का?

उत्तर : फळाला एकदाच चिकटायचं असतं, पट्टी रोज उघडावी लागते. गोम इथेच आहे.

स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल या अभियंत्याने १९४१ मध्ये आपल्या कपड्यांत आणि कुत्र्याच्या केसांत अडकलेली बर्डॉक या वनस्पतीची काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं. वेल्क्रोतही एका बाजूवर असे आकडे असतात आणि ते दुसऱ्या, मऊ बाजूवरच्या बारीक फासांत अडकतात. ही गोष्ट नेहमी इथेच संपवतात, पण खरी डोकेदुखी पुढे होती आणि पेटंट हाती यायला १९५५ उजाडलं. सुताची पट्टी लवकर झिजायची. नायलॉनचा आकडा मात्र ओढल्यावर सरळ होऊन सुटतो, पुन्हा वळतो, आणि उष्णतेने दिलेला बाक धरून ठेवतो. म्हणून आकड्यांसाठी आधी जाड नायलॉनचे फास विणायचे, तापवून त्यांचा आकार पक्का करायचा आणि मग प्रत्येक फास माथ्याच्या जरा खाली, एकाच बाजूने कापायचा. एका पायाचा आकडा होतो, दुसऱ्याचा खुंट उरतो. नेमका माथ्यावर कापला, तर दोन्ही पायांचा बाक अर्धवट राहतो आणि पकड नावापुरतीच उरते. विणलेल्या पट्टीवर भिंग धरलं तर आकड्याशेजारी हा खुंट दिसतो. ओतीव प्लॅस्टिकच्या पट्टीत तो नसतो.

आता तुमची पट्टी. बहुतेक वेळा दोष आकड्यांचा नसतो, त्यांच्यात अडकलेल्या केसांचा आणि धाग्यांचा असतो. पट्टी सपाट धरा, सुईने किंवा चिमट्याने गुंता सैल करून उपसा, मग जुन्या टूथब्रशने घासा. एवढ्यानेही धरत नसेल, तर नव्या आकड्यांचा तुकडा जुन्या मऊ बाजूवर दाबून पाहा. तो घट्ट बसला तर आकडे गेले आहेत. नाही बसला तर मऊ बाजूचे फास तुटून नुसती लव उरली आहे. तिच्यावर इलाज नाही, तेवढी बाजू बदलायची.

नवी पट्टी कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, चारही बाजूंनी शिवा. मागे गोंद असलेली पट्टी मशीनवर घेऊ नका, सुई चिकट होऊन टाके सुटतात. अंगाला लागणाऱ्या जागी मऊ बाजूच ठेवा.

उघडताना एका टोकापासून सोला. तसं केलं की एका वेळी एकच ओळ सुटते. पट्टीच्या रेषेत ओढलं तर सगळे आकडे एकदम ताण घेतात, म्हणूनच चालताना बूट सुटत नाही. ओलं नायलॉन मऊ पडतं आणि पकड कमी होते, तेव्हा सतत भिजणाऱ्या वस्तूला पॉलिएस्टरची पट्टी बरी. धुताना पट्टी बंद ठेवा, नाहीतर आकडे बाकीच्या कपड्यांचे धागे ओढतात. आणि आकड्यांवर इस्त्री कधीच फिरवू नका.