ड्रुइडचा माना कशावर खर्च करायचा?

या अंकासाठी निवडलेले प्रश्न 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक' या ऑनलाइन खेळातल्या ड्रुइडचे, म्हणजे प्राण्यांची रूपं घेणाऱ्या मांत्रिकाचे, आहेत. मी टॉरेन वंशाची ड्रुइड खेळते आणि पहिल्या लेव्हलपासून साठाव्यापर्यंत तिला एकटीने क्वेस्ट (खेळातल्या कामगिऱ्या) करत नेलं आहे. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते सगळं हाताखालून गेलेलं आहे. एक लक्षात ठेवा, ही उत्तरं २०१९ साली आलेल्या क्लासिकची आहेत, म्हणजे लेव्हल ६० ला थांबणाऱ्या खेळाची. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ड्रुइड पुष्कळ बदलला.

प्रश्न : माझा नाइट एल्फ ड्रुइड चौदाव्या लेव्हलला आहे. माझ्याबरोबरच सुरुवात केलेला मित्र हंटर घेऊन विसाव्याच्या पुढे निघून गेला. मला एकेक मॉब (खेळातला शत्रू) मारायला फार वेळ लागतो आणि माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, भरायला दर दोन लढायांनंतर पाणी पीत बसावं लागतं. अस्वल झालं की मार कमी बसतो, पण समोरच्यालाही कमीच लागतं. क्लास (पात्राचा प्रकार) बदलू का?

बदलू नका. ड्रुइडचा सगळ्यात चिवट टप्पा दहा ते वीस हाच आहे आणि तुम्ही त्याच्या मधोमध आहात.

दहाव्या लेव्हलला मूनग्लेडला जाऊन, मग लुनाक्लॉला हरवून अस्वलाचं रूप मिळतं, तेव्हा आता लढाई सोपी होणार असं वाटतं. पण अस्वलाचा फटका अडीच सेकंदांनी एकदा पडतो. मॉल हा अस्वलाचा जोराचा फटका वेगळा पडत नाही, तो पुढच्या फटक्यालाच जोडला जातो. आणि रेज (अस्वलाच्या फटक्यांना लागणारी शक्ती) साठायला आधी मारावं तरी लागतं, नाहीतर मार खावा तरी लागतो. एकट्या मॉबसमोर हे सगळं रेंगाळतं. चिलखतात होणारी १८० टक्के वाढ हा अस्वलाचा खरा गुण आहे आणि तो दोन-तीन मॉब एकदम अंगावर आले की कळतो. म्हणून विसाव्यापर्यंत अस्वलाला लढाईचा उत्तरार्ध द्या, पूर्वार्ध देऊ नका.

मी हा टप्पा असा काढला. लांबून राथ हा मंत्र, मॉब धावत येताना आणखी एक राथ, तो अंगाशी आला की मूनफायर हा दुसरा मंत्र आणि लगेच अस्वल. मूनफायर मागे जळत राहतो, तोवर तुम्ही पंजे मारता. एनरेज दहा सेकंदांत २० रेज देतं, पण त्या वेळात चिलखत घटतं, म्हणून ते हेल्थ भरलेली असतानाच दाबून टाका. हेल्थ फार खाली गेली तर चौदाव्या लेव्हलला मिळालेला बॅश वापरा. मॉब दोन सेकंद जागीच थिजतो. तेवढ्यात रूपातून बाहेर या, हीलिंग टच या जखमा भरणाऱ्या मंत्राची लहान रँक (पायरी) मारा आणि पुन्हा अस्वल व्हा. टॉरेन असल्यामुळे मला या जागी मॉबला थिजवणारा वॉर स्टॉम्पही मिळायचा, तुमचा सगळा भार बॅशवर आहे. तेव्हा त्यासाठी लागणारी १० रेज मॉलमध्ये उडवू नका.

आता मुख्य गोष्ट. रूपातून बाहेर पडायला माना लागत नाही, रूपात शिरायला लागतो. नवीन ड्रुइड सगळा माना राथवर उधळतो आणि ऐन वेळी बाहेर येऊन हील केल्यावर त्याच्याकडे परत अस्वल व्हायला काही उरत नाही. मग तो कापडाच्या जादूगारासारखा मार खात मरतो. लढाई सुरू करण्याआधी एका रूपबदलाचा आणि एका हीलचा माना मनात बाजूला काढून ठेवा. उरलेला माना लढाईचा. हा हिशेब चौदाव्याला जमला की साठाव्यापर्यंत तोच चालतो.

आणि मग विसावी लेव्हल येते. कॅट फॉर्म ट्रेनरकडेच मिळतो, त्याला क्वेस्ट नाही. कॅट एनर्जीवर लढते. एनर्जी जास्तीत जास्त १०० आणि दर दोन सेकंदांनी २० भरते, तुम्ही काही करा वा न करा. म्हणजे कॅट लढत असताना मानाला हातसुद्धा लागत नाही. क्लासिकमध्ये माना खर्च केल्यावर पाच सेकंद स्पिरिट या गुणामुळे होणारी मानाची भरपाई थांबलेली असते, त्यानंतर ती सुरू होते. कॅट होताना माना गेला, पाच सेकंद झाले, आणि पुढची पूर्ण लढाई मानाची निळी पट्टी मागच्या मागे भरत राहते. मॉब पडेपर्यंत हील करण्याइतका माना परत आलेला असतो. बाहेर यायचं, रिजुव्हनेशन हा हळूहळू हेल्थ भरणारा मंत्र टाकायचा, पुन्हा कॅट व्हायचं आणि चालू लागायचं. रिजुव्हनेशन बारा सेकंद काम करतं आणि रूप बदललं म्हणून थांबत नाही. पुढच्या मॉबपाशी प्राउल करत (लपतछपत) पोचेपर्यंत हेल्थ बरीचशी वर आलेली असते. मेज (जादूगाराचा क्लास) पाणी पीत बसलेला असतो तेव्हा ड्रुइड तिसऱ्या मॉबवर असतो. मला हा क्लास मनापासून आवडतो तो या लयीमुळे.

यात अडचण एकच आहे, खेळाच्या मूळ पडद्यावर कॅट किंवा अस्वल असताना मानाची पट्टी दिसतच नाही. बरेच जण त्यामुळेच मानाला विसरतात. रूपात असतानाही माना दाखवणारं एखादं ॲडऑन (खेळाला जोडायची छोटी प्रणाली) आजच टाका. ड्रुइडला याहून उपयोगी ॲडऑन मला माहीत नाही.

तोवर मधल्या दोन क्वेस्ट चुकवू नका. चौदाव्याला डार्कशोरमधली आजारी हरणं बरी करून क्युअर पॉयझन मिळतं. सोळाव्याला सी लायनचं रूप आहे. त्यासाठी लटकनाचे दोन तुकडे शोधायला डार्कशोर आणि वेस्टफॉल अशी लांबची पायपीट आहे. कंटाळा आला तरी करा. पाण्याखाली श्वास संपत नाही आणि पोहण्याचा वेग निम्म्याने वाढतो. समुद्राच्या तळाच्या क्वेस्ट बाकीचे धापा टाकत करतात, तुम्ही आरामात कराल.

प्रश्न : साठवलेलं सोनं घालून चांगला डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज) असलेली मोठी गदा घेतली. कॅटचा डॅमेज काडीने वाढला नाही. हा बग आहे का?

नाही, खेळ तसाच आहे. कॅट आणि अस्वल झाल्यावर हातातल्या शस्त्राचा डॅमेज आणि वेग मोजलाच जात नाही. कॅटचा फटका दर सेकंदाला, अस्वलाचा अडीच सेकंदांना, हातात काठी असो की गदा. शस्त्रावरचे स्ट्रेंग्थ, ॲजिलिटी, स्टॅमिना हे आकडे मात्र पूर्ण लागू होतात. दोन्ही रूपांत १ स्ट्रेंग्थचे २ अटॅक पॉवर होतात. कॅटमध्ये १ ॲजिलिटीचा आणखी १ अटॅक पॉवर मिळतो, शिवाय क्रिट (जबर फटका बसण्याची शक्यता) आणि डॉज (फटका चुकवण्याची शक्यता) वाढतं.

म्हणून ऑक्शन हाउसमध्ये डीपीएसचा आकडा वाचूच नका, नावाचं शेपूट वाचा. 'ऑफ द टायगर' म्हणजे स्ट्रेंग्थ आणि ॲजिलिटी, 'ऑफ द बेअर' म्हणजे स्ट्रेंग्थ आणि स्टॅमिना, 'ऑफ द मंकी' म्हणजे ॲजिलिटी आणि स्टॅमिना. लेव्हल वाढवताना मी 'टायगर' मिळालं तर आधी तेच घेते. वॉरियरला टायगरची हिरवी काठी नको असते, 'रोग' या क्लासला काठी धरताच येत नाही, त्यामुळे ती बहुधा स्वस्त पडून असते. एन्चांट (शस्त्रावर चढवलेली जादू) करून घेतानाही हेच सूत्र: शस्त्रातून आग वगैरे पेटवणारा एन्चांट रूपात चालत नाही, स्ट्रेंग्थ किंवा ॲजिलिटी वाढवणारा चालतो.

एक शस्त्र या नियमाला अपवाद आहे. नोमरेगन या डंजनमधला (गटाने लढायच्या जागेतला) क्राउड पमलर हा बॉस मॅन्युअल क्राउड पमलर नावाची गदा टाकतो. ती वापरली की ३० सेकंद हल्ल्याचा वेग ५० टक्क्यांनी वाढतो, आणि हा परिणाम कॅटलाही मिळतो. चार्ज तीनच असतात, म्हणजे ती तीनदाच वापरता येते. लेव्हल वाढवताना तिच्यामागे धावू नका. साठाव्यानंतर रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) कॅट खेळणारे ड्रुइड मात्र या गदेसाठी नोमरेगन पुन्हा पुन्हा करतात.

प्रश्न : ताई, मी फेरल (प्राण्याच्या रूपात लढणारा) ड्रुइड आहे, लेव्हल २८. डंजनचा ग्रुप मिळाला की सगळे मलाच हीलर (इतरांची हेल्थ भरणारा) करतात. माझे सगळे टॅलेंट (पॉइंट देऊन घेतलेली कौशल्यं) कॅटचे आहेत. नाही म्हणू का?

नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण एकदा हो म्हणून बघ, कारण या लेव्हलला तुझ्याकडून ते नीट होईल. अठ्ठावीसच्या डंजनमध्ये रेस्टोरेशनचे, म्हणजे हील करण्याच्या शाखेचे, टॅलेंट नसले तरी भागतं. कपडे नसले तर भागत नाही. बॅगेत एक वेगळा संच ठेव, इंटेलेक्ट आणि स्पिरिटचा. त्यासाठी कापडाचे कपडेही चालतील, कारण तुला मार खायचा नाहीये. क्वेस्टची बक्षिसं विकण्याआधी त्यातून हा संच जमव.

हील करताना मोठी रँक धरून बसू नकोस. हीलिंग टचच्या मोठ्या रँकला साडेतीन सेकंद लागतात, तोवर टँक (ग्रुपचा मार अंगावर घेणारा) पडलेला असतो. खालची रँक लवकर होते आणि माना कमी खाते, म्हणून दोन-तीन रँक बारवर शेजारी शेजारी ठेव. टँकवर थॉर्न्स हा मंत्र सतत असू दे. रिजुव्हनेशन आधीच टाकून ठेव, मार बसल्यावर नव्हे.

आत शिरण्याआधी ग्रुपला एक गोष्ट स्पष्ट सांग: ड्रुइडकडे लढाई संपल्यावर मेलेल्याला उठवणारा साधा मंत्र नाही. मेलेल्याला उठवणारा रीबर्थ आहे, तो भर लढाईत चालतो, पण अर्ध्या तासातून एकदाच, आणि त्याला बी लागतं. तुझ्या लेव्हलला मेपल सीड. चार-पाच विकत घेऊन ठेव. प्रीस्ट किंवा शामान सगळ्यांना उठवतो, तुझ्याबरोबर गेलेल्यांना भूत होऊन चालत यावं लागेल. हे आधी कळलेला ग्रुप कुरकुर करत नाही, नंतर कळलेला करतो.

आणि टँक खरंच पडला, तर हील करत बसू नकोस. त्याला रीबर्थ दे, स्वतः अस्वल हो, ग्राउल करून मॉब आपल्याकडे ओढ आणि तो उठून सावरेपर्यंत धरून ठेव. प्रीस्टला हे जमत नाही. इथेही तोच हिशेब, एका रूपबदलाइतका माना कायम शिल्लक हवा. हीलरच्या कपड्यातलं अस्वल लेचंपेचं असतं, पण दहा-पंधरा सेकंद पुरतं, आणि तेवढ्यात डंजन वाचतं.

प्रश्न : टॅलेंट पॉइंट कोणत्या क्रमाने द्यावेत?

पहिले पाच फेरल शाखेतल्या फेरोसिटीत, त्याने कॅटचा क्लॉ आणि अस्वलाचा मॉल दोन्ही स्वस्त होतात. पुढचे पाच थिक हाइडमध्ये, अस्वलाच्या दिवसांत चिलखत १० टक्के वाढलेलं बरं. एकोणिसाव्यापर्यंत दहा पॉइंट होतात आणि तिसरी ओळ उघडते. विसाव्या आणि एकविसाव्या लेव्हलचे पॉइंट डोळे मिटून फेलाइन स्विफ्टनेसला द्या. उघड्यावर कॅटचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो आणि लेव्हल वाढवताना निम्मा वेळ धावण्यातच जातो. त्यानंतर शार्पन्ड क्लॉज, प्रिडेटरी स्ट्राइक्स आणि हार्ट ऑफ द वाइल्ड असं करत चाळिसाव्याला लीडर ऑफ द पॅक गाठा.

मग रेस्टोरेशनमधल्या फ्युरॉरला पाच. याने कॅट होताच ४० एनर्जी हातात येते. मधेच बाहेर येऊन हील केलं तरी परतल्यावर रिकाम्या हाताने उभं राहावं लागत नाही. चाळिसाव्याला घालता येणारं वुल्फ्सहेड हेल्म मिळालं तर आणखी २० मिळतात. लेदरवर्कर ते बनवतात, दिसायला काहीही असो, घ्याच. उरलेले पॉइंट बॅलन्स या शाखेत नॅचरल शेपशिफ्टर आणि नॅचरल वेपन्सकडे आणि तिथून ओमेन ऑफ क्लॅरिटीला. नॅचरल शेपशिफ्टर रूपबदलाचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत कमी करतो. सगळे हिशेब ज्या खर्चावर उभे आहेत तोच खर्च उतरतो, म्हणून तो टाळू नका.

प्रश्न : कॅटमध्ये असताना हेल्थ पोशन का घेता येत नाही?

कोणत्याच रूपात घेता येत नाही. बाहेर या, प्या, परत जा. पोशन मरायला टेकल्यावरच प्यायची सवय असेल तर ती थोडी आधी आणा.

प्रश्न : तिसाव्याला चित्त्याचं रूप मिळालं. चाळिसाव्याच्या घोड्यासाठी आतापासून सोनं साठवू का? आणि पीव्हीपीत (खेळाडूंमधल्या लढाईत) मेज मला मेंढी करून ठेवतो, त्यावर काही उपाय?

साठवा, पण घाई करू नका. चित्त्याचं रूप म्हणजेच ट्रॅव्हल फॉर्म. ट्रॅव्हल फॉर्मचा वेग ४० टक्के आणि चाळिसाव्याच्या वाहनाचा ६०, पण ट्रॅव्हल फॉर्म क्षणात होतो, वाहनावर बसायला तीन सेकंद जातात. मॉब ते मॉब असं धावताना चित्ताच बरा पडतो, वाहन लांबच्या प्रवासाला. चाळिसाव्याला सोनं कमी पडलं तर आधी ट्रेनरकडच्या नव्या रँक घ्या. डायर बेअर आणि इनरव्हेट दोन्ही त्याच लेव्हलला आहेत.

मेजचं उत्तर तुमच्या बारवर आधीपासून आहे. कोणत्याही प्राण्याच्या रूपात असताना पॉलिमॉर्फ (मेंढी करणारा मंत्र) लागूच होत नाही. मेज दिसला की आधी रूप घ्या, नंतर विचार करा. तो फ्रॉस्ट नोव्हाने पाय गोठवेल, तेव्हा रूपातून बाहेर येऊन लगेच पुन्हा रूप घ्या. रूप बदललं की पाय मोकळे होतात, फ्रॉस्टबोल्टने आलेला मंदपणाही सुटतो. बाहेर आणि आत यांच्यात क्षणभरही रेंगाळू नका, मेंढी तो तेवढ्यातच करतो. दोन्ही गोष्टी एकाच बटणावर याव्यात म्हणून एक मॅक्रो करून ठेवा आणि प्रत्येक वेळी माना जातो हे धरूनच त्याच्यावर चालून जा.